गाठीतला लाल रंग

माझ्या सासूबाईंना सगळे ब्रेकबाई म्हणतात. त्या गाडी शिकवतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "आरशात बघ! स्वतःचं थोबाड नाही, मागचा ट्रक बघ!" निम्म्या शहराला त्यांनी रस्त्यावर आणलंय, असं मी चिडवते. माझं त्यांच्याशी पटतं. हे सांगितलं की बायका माझ्याकडे संशयाने बघतात. बघोत बापड्या.

मानेवरची गाठ त्यांना गाडीतच दिसली. उन्हाची झडप खाली ओढली, तिच्यामागच्या छोट्या आरशात बघून पाणी प्यायला लागल्या, तर घोटाबरोबर गळ्यात लिंबाएवढं काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. त्यांनी आधी शिकवणी पूर्ण केली आणि मग मला फोन केला.

सोनोग्राफीच्या खोलीत मी आणि माझा नवरा, दोघंही होतो. अंधार, गळ्यावर गार जेली, पडद्यावर राखाडी ढग. तपासणाऱ्या बाईंनी एक बटण दाबलं आणि गाठ आतून लाल-निळी उजळली. लाल बघून माझ्या नवऱ्याचा धीर सुटला. निळाही तेवढाच होता, पण तो याला दिसलाच नाही. बाहेर येऊन त्याने चार ठिकाणी फोन केले आणि संध्याकाळी आमच्या सोफ्यावर नातेवाईक रडवेले चेहरे करून बसले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "कोण गेलं?"

सुईची तपासणी झाल्यावर, पुढच्या आठवड्यात सर्जन बाईंनी नीट समजावलं. "लाल-निळा म्हणजे रक्त कुठल्या दिशेला वाहतंय, एवढंच. गाठ वाढते तेव्हा तिला पोसायला रक्त लागतं, म्हणून तिच्यात नवीन रक्तवाहिन्या फुटतात. साध्या गाठीत फुटतात, कॅन्सरच्या गाठीतही फुटतात."

"मग ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"सुईने पेशी काढून बघितल्या, त्यातून ठरत नाहीये. गाठीसकट अर्धी थायरॉईड काढावी लागेल. पेशी गाठीचं आवरण फोडून बाहेर पडल्यात का, रक्तवाहिनीत शिरल्यात का, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघू. तसं असेल तर कॅन्सर."

"अर्धी कशाला? सगळीच काढून टाका!" नवरा मधेच म्हणाला.

"मान माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "अर्धीच काढा."

ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असतानाच माझ्या नवऱ्याने त्यांची गाडी माझ्या भावाला देऊन टाकली. आईने आता आराम करायचा, गाडी उभी राहून सडेल, वगैरे वगैरे. मी घर डोक्यावर घेतलं. "जिवंत माणसाच्या वस्तू वाटतोस?" तो म्हणाला, तिच्या भल्यासाठीच. तो दुष्ट नाही. बाथरूममधला नळ सोडून रडत होता, ते मला ऐकू आलं होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचं आयुष्य देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाई घरी आल्या. गळ्याला पट्टी, आवाज बसलेला. दारासमोर जिथे गाडी असायची, तिथे शेजाऱ्यांची सायकल उभी. ओरडता येत नव्हतं हे नवऱ्याचं नशीब.

"रिपोर्ट येऊ दे," तो खाली बघत म्हणाला. "साधी गाठ निघाली तर गाडी परत. नाहीतर राहू दे त्याच्याकडेच."

"ही अट तुझी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी मान्य केलेली नाही. रिपोर्टच्या दिवशी त्याला गाडी घेऊन यायला सांग."

रिपोर्ट वाईट निघाला. पेशी रक्तवाहिनीत शिरल्या होत्या. उरलेली अर्धीही काढायची, नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस, मग जन्मभर रोज एक गोळी. बरे होणारेच जास्त असतात, असं सर्जन बाई म्हणाल्या. मला रडू आलं. सासूबाईंनी विचारलं, "मधल्या काळात शिकवू शकते?" मान न दुखता वळत असेल तर खुशाल, सर्जन बाई म्हणाल्या. सासूबाईंनी तिथेच मान डावीकडे वळवून दाखवली, मग उजवीकडे.

घरी भाऊ येऊन बसला होता.

"मी म्हणालो होतो ना, आई?" नवरा म्हणाला. "पडद्यावर लाल बघितलं तेव्हाच म्हणालो होतो."

"तुझं म्हणणं खरं निघालं, म्हणून तू बरोबर होतास असं नाही. साध्या गाठीतही तुला तेच दिसलं असतं." मग त्या माझ्या भावाकडे वळल्या. "कॅन्सर मला झालाय, गाडीला नाही. चावी दे."

भावाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे. मी भावासमोर जाऊन हात पुढे केला आणि त्याने चावी काढेपर्यंत मागे घेतला नाही.

सासूबाई पायात चपला सरकवायला लागल्या.

"आणि तुला काही झालं तर?" नवऱ्याचा आवाज फाटला.

"झालंय की," त्या म्हणाल्या. "बघ. झालंय, आणि मी उभी आहे."