पोलादी खांबाची पालवी

पन्नासच्या दशकाच्या अखेरीला मी कुवेतच्या मीना अल-अहमदी बंदरात, तेल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत असे. टाक्या, पाइप, धक्क्याचे आधार. माझे साहेब स्वीडनचे इंजिनिअर होते. दिवसभरात जे बोलायचं ते सकाळच्या 'गुड मॉर्निंग'मध्येच उरकून टाकत. त्यामुळे एका मे महिन्यात ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले तेव्हा मला वाटलं, आपली नोकरी गेली.

नोकरी शाबूत होती. प्रश्न त्यांच्या बाईंचा होता. बाईंना इथं वर्ष होत आलं होतं आणि त्यांचं मन लागत नव्हतं. त्यांच्या गावी जूनमध्ये, सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, एक लाकडी वासा पानाफुलांनी मढवून उभा करतात आणि सगळं गाव त्याच्याभोवती नाचतं. चर्चच्याही आधीपासूनची चाल. देव कुठला म्हणाल, तर ऊन आणि पालवी. हे इथं एकदा करून बघते, असं बाईंनी सांगितलं होतं. जमलं तर राहते, नाही तर पुढच्या बोटीनं घरी जाते. साहेबांना करार वाढवायचा की नाही ते जूनअखेर कळवायचं होतं. त्यांना माझ्याकडून हवा होता फक्त एक वासा.

ते अवघड नव्हतं. कुवेत शहरात किनाऱ्यावर होड्या बांधत, आणि लाकडाच्या वखारीत रत्नागिरीकडचे एक चाचा माझ्या ओळखीचे होते. पण साहेब शिस्तीचे. त्यांनी कंपनीच्या क्लबच्या हिरवळीसाठी मॅनेजरसाहेबांकडे रीतसर परवानगी मागितली. परवानगी मागितली की त्याचा कार्यक्रम होतो. कार्डं छापली गेली, भाषण ठरलं, बँड ठरला. लाकूड वाऱ्यात मोडेल म्हणून वासा रद्द होऊन पोलादी पाइप मंजूर झाला. त्याचा नकाशा अर्थातच माझ्याकडे आला. वाऱ्याचा दाब धरून मी पाया काढला, बोल्ट काढले, वर दोन कड्या काढल्या आणि कड्यांकडे बाण करून लिहिलं: 'येथे पाने.'

त्याच दिवसांत आमच्या घरी वटपौर्णिमा आली. आमची वसाहत अहमदीत, तिथं वड नाही. साहेबलोकांचे बंगले आणि आमचे क्वार्टर यांची गाठ पडू नये म्हणून मधे झाऊची, वाळवंटात तगणाऱ्या सुरूसारख्या झाडांची, रांग लावली होती. हिनं त्यातलाच एक झाऊ पसंत केला, त्याला वड मानलं आणि सूत गुंडाळून आली. उन्हाळ्यातला उपास सोसून वर स्वयंपाकही केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथून चाललो होतो तर बाई त्या झाडापाशी उभ्या. सुताला हात न लावता बघत होत्या.

"हे कशासाठी?"

मी सांगितलं, हाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून बायका झाडाभोवती फिरतात.

"आणि नवरा?"

"तो ऑफिसात असतो."

बाई हसल्या नाहीत. "आमच्याकडे त्यालाही नाचावं लागतं," म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी खांब सकाळीच उभा केला, कारण मॅनेजरसाहेबांना दुपारी पाहणी करायची होती. कण्हेर, बोगनवेल, झाऊचे डहाळे, सगळं तारेनं पाइपला घट्ट आवळलं होतं. जूनच्या उन्हात पाइपचं काय होतं ते त्या गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. तो आमचा धंदाच होता. पण पाइप म्हटलं की आम्हाला आतलं तेल सुचायचं, वरची पानं नव्हे. चार वाजेपर्यंत पालवीची तंबाखू झाली. माळ्यांनी पाणी मारलं, तर वाफ निघाली. शेवटी वर्कशॉपमधून माणूस आला आणि त्यानं ती पानं फवाऱ्यानं हिरवी रंगवली. टाक्यांच्या जिन्यांना आम्ही जो रंग द्यायचो, तोच.

एरवी त्या क्लबात मला प्रवेश नव्हता. खांबाचा नकाशा माझा, म्हणून मागे उभं राहायची मुभा मिळाली. सूर्य कलला, पलीकडे रिफायनरीच्या वायूच्या ज्योती ठळक झाल्या आणि मॅनेजरसाहेब युरोपच्या सुसंस्कृत परंपरेवर बोलू लागले. बाई फुलं माळून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भाषण लांबलं तशा त्या उठल्या, खांबापाशी गेल्या आणि एका पानाला हात लावला. बोटं हिरवी झाली. त्यांनी ती साहेबांना दाखवली, डोक्यातली फुलं काढून हातात घेतली आणि चालू लागल्या. साहेब भर भाषणात उठून त्यांच्या मागे गेले. मॅनेजरसाहेब थांबले नाहीत. त्यांची अजून दोन पानं उरली होती.

मी घरी आलो तेव्हा ही खिडकीशी उभी होती. बाहेर झाऊच्या बुंध्याशी बाईंची फुलं ठेवलेली, आणि ती दोघं हात धरून झाडाभोवती फिरत होती. साहेब कोट-टायमध्ये होते. पाऊल चुकलं की थांबून पुन्हा सुरू करत.

"तुमचे साहेब फिरतायत," ही म्हणाली. "उपास पण केला असेल का हो?"

"उद्या विचारतो."

"त्यांना काय विचारता?" माझ्याकडे न बघता तिनं पडदा सारला.

साहेबांनी करार वाढवला. खांब मात्र हिरवळीतून काढायला गेले तर निघेना. पाया मी पक्का काढला होता. मग त्याच्यावर झेंडा लावायचं ठरलं आणि त्यासाठी पुन्हा एक समारंभ झाला.

पुढच्या जूनमध्ये कार्डं छापली गेली नाहीत. एके दिवशी साहेब ऑफिसातून लवकर निघाले. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, आपल्या दोघांच्या बायका झाडापाशी वाट बघतायत, तूही चल. मी म्हटलं, टाकीचा नकाशा आजच द्यायचाय.

तो मी वेळेत दिला.