विट्याजवळची न उठणारी पंगत

आम्ही दोघं साताऱ्याहून विट्याकडं निघालो ते हिंडायला नव्हे, वन्संचा नवस एकदाचा मिटवायला. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. विट्यापलीकडच्या एका गावात राहतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेचं बाळंतपण अडलं, तेव्हा त्या भैरोबाला बोलल्या, की दोघं सुखरूप सुटली तर गावाला पोटभर जेवू घालीन. दोघं सुटली. नातू आता चौथीत आहे आणि नवस अजून तिथंच आहे.

कारण हे ‘पोटभर’. पहिल्या महाप्रसादाला शेवटच्या पंगतीची आमटी पातळ झाली. दुसऱ्याला सगळं नीट झालं, पण जेवून गेलेले एक गृहस्थ संध्याकाळी विट्याच्या स्टँडवर वडापाव खाताना दिसले. तिसऱ्या खेपेला वन्संनी नियमच केला: पंगतीत कुणीतरी आपल्या तोंडानं ‘पुरे’ म्हणायला हवं. कुणी म्हणालं नाही. बुंदी संपली, नवस राहिला. यंदाची खेप चौथी.

एवढंच असतं तर मी घरी बसून हसले असते. पण वन्संचे दोन्ही गुडघे झिजलेत. सांगलीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या दोन तारखा दिल्या. नवस फिटल्याशिवाय पायाला हात लावू देणार नाही, म्हणून त्यांनी दोन्ही मोडल्या. तिसरी तारीख येत्या गुरुवारची होती. तीही जाणार हे दिसत होतं. मी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढा.

शनिवारी सकाळी सातला निघालो. महामार्गानं कऱ्हाड तासाभरात येतं. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरीच बघा. आम्ही बघितलं नव्हतं. कऱ्हाडला मिसळ खाल्ली, माणशी ऐंशी रुपये. तर्री जपून मागा. पुढं ओगलेवाडी, कडेगाव, विटा असा रस्ता. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं. एका ट्रॉलीवर ‘घाई कुठाय?’ असं लिहिलं होतं, ते आम्ही अर्धा तास वाचलं. विटा जवळ आलं की ऊस विरळ होतो, माळ लागतो आणि आभाळ एकदम मोठं होतं. हा बदल बघायला तरी या रस्त्यानं जा. पेट्रोल विट्यातच भरून घ्या.

घरी भाचा संजय भेटला. तो कोइमतूरला सोन्याच्या गलईचं दुकान चालवतो. या भागातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी असंच परमुलखात सोनं गाळत बसलेलं असतं. दर महाप्रसादाला बिचारा दुकान बंद करून येतो. चहा पिताना म्हणाला, “मामी, सोनं भट्टीवरनं कवा उतरवायचं, त्यावर आमचं पोट हाय. आईला मातर उतरवायचं कळंना झालंय.”

मी विचारलं, पण गाव ‘पुरे’ का म्हणत नाही?

“आवं, प्रसादाला न्हाई म्हणायचं नसतंय.”

म्हणजे ‘पुरे’ ऐकल्याशिवाय वन्सं वाढायचं थांबणार नाहीत, आणि गाव ‘पुरे’ म्हणणार नाही. मी तडक आत जाऊन वन्संना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यंदा बुंदी दुप्पट सांगितली आहे, असं मला कळवलं.

रविवारी दुपारी देवळासमोरच्या मांडवात पंगती बसल्या. भात, आमटी, वांग्याचा रस्सा, बुंदी. आमटी अशी की तिच्यासाठी पुन्हा उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगेन. पहिल्या पंगती उठल्या. शेवटच्या पंगतीला मी बसले आणि वन्सं स्वतः बादली घेऊन वाढायला आल्या. सगळं गाव जेवेपर्यंत त्यांचा कडक उपास, पाण्याचा घोटही नाही. एक पाय टेकायचा, दुसरा ओढायचा, वाकायचं, वाढायचं.

दुसऱ्या वाढपाला मी मोठ्यानं ‘पुरे’ म्हटलं. वन्सं म्हणाल्या, “तू घरची. तुजं धरायचं न्हाई.” आणि बुंदी वाढून पुढं गेल्या.

माझ्या शेजारी निवृत्त सुभेदार होते. त्यांनी पट्टा दोन भोकं सैल केला होता, पण बसले होते ताठ, जणू परेडला. बादली आली की समोर बघत म्हणायचे, “येऊ द्या.” माईकवाला मांडवभर फिरत सांगत होता, की बुंदी भरपूर हाय, लाजू नका. लाजत कुणीच नव्हतं. नुसते घामाघूम झाले होते.

चौथ्या फेरीला वन्संचा गुडघा लचकला. त्यांनी मांडवाचा खांब धरला. तेव्हा समोरच्या रांगेतल्या म्हाकूबाई उठल्या. या वन्संच्या शेजारणी, जन्मभर मेंढरं राखलेल्या. पंगत उठायच्या आधी एकटं उठणं म्हणजे केवढा आगाऊपणा, पण त्या उठल्या आणि वन्संच्या हातातली बादली घेतली.

“आक्का, सकाळधरनं काय खाल्लंया?”

“गावाचं झाल्यावर खाईन.”

“मग गाव जेवलं कसं म्हणायचं? तुमी गावात न्हाई व्हय?”

एवढ्यात संजयनं प्लास्टिकची खुर्ची आणून पंगतीच्या टोकाला ठेवली. वन्सं बसल्या, मांडीवर पत्रावळ. भात झाला, आमटी झाली. मग म्हाकूबाईंनी बुंदी वाढली. वन्संनी खाल्ली. पुन्हा वाढली. प्रसादाला त्या तरी नाही कशा म्हणणार? तिसऱ्यांदा वाढली, तीही कशीबशी संपवली. म्हाकूबाईंनी निर्विकार चेहऱ्यानं बादलीत पुन्हा हात घातला. वन्संनी दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले.

“पुरे गं बाई. पुरे.”

माईकवाला नेमका शेजारी उभा होता. ते ‘पुरे’ कर्ण्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं.

वन्संनी सगळ्यांकडं पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, “हे धरायचं का?”

सुभेदार म्हणाले, “पंगतीत बसलेल्या माणसाच्या तोंडनं आलंय. धरायचं.” मग तांब्याभर पाणी प्याले, पट्टा हातात धरून उठले आणि त्यांच्यामागं सगळी पंगत उठली.

गुरुवारी सांगलीत शस्त्रक्रिया झाली. आता फिजिओथेरपीची बाई पाय वीस वेळा वाकवायला सांगते आणि वन्सं चाळीस वेळा वाकवतात. वरचे वीस भैरोबाच्या नावानं. तिकडं म्हाकूबाईंना पाठवायला हवं.

आमच्याबरोबर साताऱ्याला आला तो बुंदीचा मोठा डबा. मी इमारतीत वाटायला घेतला. सोमवारी वाटी, मंगळवारी वाटी. बुधवारी समोरच्या सूनबाईंनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, हसल्या. त्यांच्या मागं टेबलावर माझ्या आधीच्या दोन्ही वाट्या दिसत होत्या, तशाच भरलेल्या.

मी त्यांच्या हातातली वाटी परत घेतली, त्यांच्या वतीनं ‘पुरे’ म्हटलं आणि घरी आले.