शेळीच्या पोटात गेलेली माझी नजर

शेजाऱ्यांची माफी मागायची राहून गेली आहे, म्हणून हे लिहितो.

डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला नवा चष्मा लिहून दिला. वर म्हणाल्या, "पालेभाज्या, मका खात जा. त्यातला पिवळा रंग डोळ्याच्या पडद्यात साठतो. लांबचं धुरकट दिसतं, ते कदाचित थोडं निवळेल. पण चष्मा लागेलच."

बायकोने 'पण'च्या आधीचं तेवढं ऐकलं. घरी येताच स्कूटीची किल्ली तिने कमरेला खोचली. "गच्चीवरनं एसटीची पाटी वाचून दाखवा, मग गाडी."

चष्म्याची मी टाळाटाळ केली. जाड भिंगांत मी हुबेहूब सासऱ्यांसारखा दिसतो. आणि पालेभाजी मला लहानपणापासून उतरत नाही. ताट घेऊन मी मागच्या दारी बसे आणि मेथी, शेपू, अंबाडी, जे असेल ते भाकरीत गुंडाळून शेजाऱ्यांच्या शेळीला देई. शेळी खूष, मी खूष.

उरली पाटी. लातुरात जन्म गेलेल्या माणसाला कुठली गाडी कधी येते हे पाटी वाचून कळावं लागत नाही. महिनाभराने गच्चीवर गेलो, कोपऱ्यावर लाल ठिपका दिसताच म्हणालो, "निलंगा." गाडी जवळ आली. निलंगाच!

भाजीने नजर सुधारली, ही बातमी बायकोने गल्लीभर केली. शेजारी, म्हणजे शेळीचे मालक, जुने टेलर. त्यांच्या घरी तर रोज दोन्ही वेळा पालक सुरू झाला. एकदा ते कुंपणाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, नजर तुमची वाढली अन् सजा आम्हाला? बिर्याणीत सुदिक पालक टाकून राहिली ओ बेगम!"

मी मान हलवली.

किल्ली देण्याआधी बायकोने पुन्हा एकदा गच्चीवर नेलं. वेळ तीच, कोपऱ्यावर काहीतरी मोठं वळलं. मी छाती काढून म्हणालो, "निलंगा. आज गर्दी दिसती."

"अहो, पाण्याचा टँकर हाय तो."

मी डोळे चोळू लागलो.

"अन् मेथी कुणाच्या पोटात जाती तेबी मला हितनंच दिसतं. त्या शेळीला पाटी वाचाय लावू का?"

चष्मा त्याच आठवड्यात केला. भाजीही खातो. लांबचं जरा स्वच्छ दिसतं. भिंगामुळे की भाजीमुळे, ते सांगता येणार नाही. मात्र त्या महिन्याचं श्रेय भाजीला देऊ नये आणि टँकरचा दोषही देऊ नये. ती मी खाल्लीच नव्हती.

किल्ली अजून कमरेलाच आहे. टेलरसाहेबांना खरं सांगितल्याशिवाय ती मिळणार नाही. त्यांना जवळचं वाचता येत नाही, तेव्हा हा कागद मलाच त्यांच्या दारात उभं राहून वाचावा लागेल. पुरावा मागितला, तर शेळी तिथेच बांधलेली असते. माझी चाहूल लागली की ती अजूनही ताट शोधते.