अंघोळीचं पाणी मीच ओतून दिलं

"बाई, हे रेडिएशन नाही. ही फवारणीची विषबाधा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांवरचा टॉर्च बाजूला केला. मग यांच्या शर्टाची बाही नाकाशी नेली, पटकन तोंड वळवलं आणि विचारलं, "अंघोळ कधी केली यांनी?"

मी म्हणाले, "पाणी नव्हतं मॅडम."

पाणी होतं. चुलीवर तापवलेलं, घंगाळभर होतं. ते मी माझ्या हाताने ओतून दिलं होतं. एवढं एक वाक्य मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरी फवारणी होते त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या घरी नुसता फोन आहे त्यांनीही वाचावं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा दिग्रसपासून जवळच आहे. घरात आम्ही गोरबोली बोलतो, बाहेर वऱ्हाडी. सगळ्यांना कळावं म्हणून इथे बोलणं वऱ्हाडीतच लिहिते. माझे यजमान सुभाष पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर करतात. मी बारावी शिकलेली. तांड्यातल्या बायांचा फोनवर जो ग्रुप आहे तो मीच काढलेला, त्यामुळे कुठलीही बातमी आली की बाया माझ्या तोंडाकडे बघतात. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते.

आमच्याकडे फवारणी करून आलेला माणूस थेट घरात येत नाही. मागच्या दाराशी गरम पाणी आणि साबण तयार असतो. आधी अंघोळ, मग चहा. कपडे वेगळे धुवायचे, पंप गोठ्यात ठेवायचा. आमच्या जिल्ह्याने फवारणीत माणसं गमावून, फार रडून हे शिकलेलं आहे. कुणाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी हे सकाळीच पंप घेऊन गेले होते. पऱ्हाटी डोक्याएवढी झालेली, वारा पडलेला. इकडे टीव्हीवर बातमी लागली की लांबच्या एका अणुवीज केंद्रात बिघाड होऊन आणीबाणी जाहीर झाली आहे. त्या केंद्राचं नाव इथे लिहीत नाही. एक अधिकारी पुन्हा पुन्हा सांगत होता की केंद्राच्या कुंपणाबाहेर काहीही आलेलं नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका. मला वाटलं, हे लोक असंच म्हणतात. आणि फोनवर तर नुसता पूर आला होता. वारा विदर्भाकडे वळला आहे. खिडक्या बंद करा. उघड्या विहिरीचं, टाकीचं पाणी अंगावर घेऊ नका, कातडीतून आत जातं.

मी मजकूर पाठवण्यावर थांबले नाही. माझ्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं, "बायांनो, आज कोणाले आंग धुऊ देऊ नका. दारं लावून घ्या."

हे दुपारी आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. मागच्या दाराशी जाऊन रिकामं घंगाळ बघितलं.

"पानी काहून सांडलं वं?"

मी बातमी सांगितली. हे हसले. "इतक्या दुरून येते काय ते? मले आंग तं धुऊ दे, सारं आंग चुरचुर करून राह्यलं."

सासूबाईंना आम्ही सगळे याडी म्हणतो. त्याही म्हणाल्या, "अवं, औषध मारून आला तो. पह्यले आंग धुऊ दे त्याले."

मी म्हणाले, "याडी, तुमाले यातलं समजत नाही." सासूशी मी असं कधी बोलले नव्हते. मी यांना हाताला धरून आत ओढलं, दार लावलं, खिडकीच्या फटीत जुनी लुगडी कोंबली. गोठा उघडा म्हणून पंपही आतच आणून ठेवला. अंगावरचे कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत, कारण धुतलेले कपडे बाहेर दोरीवर होते आणि त्यांना वारा लागला होता. अशी माझी अक्कल चालली होती. बाहेरचं विष आत येऊ नये म्हणून मी घर बंद केलं आणि आतल्या विषासोबत नवऱ्याला कोंडलं.

ऊन उतरायच्या आत यांना मळमळ सुरू झाली. मग उलट्या. तोंडातून लाळ गळायला लागली, घामाने चादर भिजली, "मले धुरकट दिसून राह्यलं" म्हणाले. फवारणीच्या बाधेत हेच होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्या वेळी मला ते सुचलंच नाही. मी म्हणाले, आलं. पोचलं आपल्यापर्यंत.

माझे दीर दिलीपभाऊ जीप घेऊन आले. दिग्रसला दवाखाना लागला तसा त्यांनी ब्रेक मारला. मी ओरडले, "इथं थांबू नका भाऊ, रेडिएशनचा इलाज इथं कायचा होते! यवतमाळले चाला." जीपच्या काचाही मी उघडू दिल्या नाहीत. अर्ध्या रस्त्यात दिलीपभाऊंचंच डोकं गरगरायला लागलं. तेव्हा त्यांनी माझं न ऐकता काच खाली केली. बहुतेक त्यामुळेच आम्ही पोचलो.

यवतमाळच्या रुग्णालयात मी दारातूनच सांगत सुटले की माझ्या मालकाला रेडिएशन लागलंय. बाकावरची माणसं उठली. एका बाईने पदराने लेकराचं नाक दाबलं आणि ती पळाली. सगळ्यांच्या हातात फोन होते, सगळ्यांनी तेच वाचलं होतं. माझी अफवा आमच्या आधी तिथे पोचली होती, आणि आता ती आमच्याकडेच बघत होती. यांना स्ट्रेचरवर घ्यायला आणखी एक माणूस हवा होता, तर जवळ यायला कोणी तयार होईना. शेवटी डॉक्टर मॅडमनीच पायाकडून धरलं.

त्यांनी काय सांगितलं ते माझ्यासारख्यांना कळेल असं लिहिते. ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग, म्हणजे कीटकनाशकाची बाधा. प्यावंच लागतं असं नाही, कातडीतून आणि श्वासातूनही ते आत जातं. पिनपॉइंट प्युपिल, म्हणजे डोळ्याची बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते. कोलिनएस्टरेज ही रक्ताची तपासणी, विषाने शरीराचं काम किती अडवलंय ते त्यावरून कळतं. यांचं बरंच अडवलं होतं.

सगळ्यात आधी इंजेक्शन आणि ऑक्सिजन. आणि लगेच, ते चालू असतानाच, कपडे कापून काढले आणि साबणाच्या पाण्याने डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. मी पडद्याशी उभी राहून त्या पाण्याचा आवाज ऐकत होते.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या. "खरंच रेडिएशन असतं ना बाई, तरी आम्ही हेच केलं असतं. आधी कपडे काढायचे, आधी अंघोळ." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या तांड्यात आज अजून कोणी फवारणी केली का?"

कमलाबाईचा मालक, आमच्या शेजारचा, यांच्यासोबतच गेला होता. आणि माझा आवाज कमलाबाईच्या फोनमध्ये होता.

आता सांगते ती गोष्ट सगळ्यात लाजिरवाणी आहे. मी लगेच फोन केला नाही. फोन हातात घेऊन उभी राहिले. मनात आलं, आधी यांना जरा बरं वाटू दे, मग बघू. सगळ्या बाया काय म्हणतील? माणूस जाईल की राहील याची धास्ती एका बाजूला आणि माझी शान दुसऱ्या बाजूला, आणि मी चक्क तोलत होते. मॅडम अजून समोरच होत्या. त्या उत्तराची वाट बघत होत्या म्हणून मी बटण दाबलं.

"बायांनो, मी चुकली. ज्यानं ज्यानं औषध मारलं त्याले आत्ताच आंग धुवाले लावा. दारं उघडा. माह्यं ऐकू नका, डॉक्टरचं ऐका."

कमलाबाईचा लगेच फोन आला. तिच्या मालकाला दोन उलट्या झाल्या होत्या. अंघोळ घालून, वाऱ्यावर बसवून, दिग्रसला नेलं, तो वाचला. फोन ठेवताना तिने विचारलं, "सुभाषभाऊ कसे हायेत?"

पुढचे दिवस वॉर्डबाहेरच्या फरशीवर गेले. ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन चालू होतं. ते विषाच्या उलट काम करतं, घाम-लाळ आटवतं, पण त्याने माणूस बरळतो. हे डोळे उघडे ठेवून चादरीवरून काहीतरी वेचायचे. बोटांनी चिमटीत धरायचे आणि कमरेशी नसलेल्या ओटीत टाकायचे. नर्सबाईंना वाटलं झटके आहेत. मला कळलं, कापूस वेचून राहिले. मी बाहेर जाऊन रडले.

अणुवीज केंद्राची बातमी तोवर टीव्हीवरून उतरली होती. बिघाड सापडला, बाहेर काही गेलं नाही. फोनवर लोक दुसऱ्याच गोष्टीवर भांडत होते. कोणी म्हटलं नाही की आमचं चुकलं. मी तरी कोणाला काय बोलणार?

हे शुद्धीवर आले, पेज प्यायला लागले. सकाळच्या राउंडला मॅडमनी यांना विचारलं, "दादा, इतकी वर्षं फवारणी करता, तरी अंघोळ का नाही केली?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आळस केला मॅडम."

मॅडमनी चांगलं फैलावर घेतलं. आजूबाजूचे पेशंट ऐकत होते. हे मान खाली घालून "हव, हव" करत राहिले. मी तोंड उघडलं नाही. खोटं बोलून मी वाचवली ती माझी लाज, आणि शिव्या खाल्ल्या त्या ज्याला मी मरणाच्या दारात नेलं त्याने.

सुट्टी झाली त्या दिवशी मॅडम पुन्हा म्हणाल्या, "दादा, आता आळस नाही करायचा बरं का."

"हव मॅडम."

"यांनी आळस नाही केला," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "पाणी तापलेलं होतं. फोनवरचं वाचून मी ओतून दिलं. हे मागत होते, मी देल्लं नाही."

मॅडम म्हणाल्या, "हे तुमच्या ग्रुपवर सांगाल?" मी मान हलवली. हे पिशवी उचलत म्हणाले, "चाल आता, बस सुटन."

मॅडमचे, नर्सबाईंचे, काच खाली करणाऱ्या दिलीपभाऊंचे उपकार मी विसरणार नाही. ग्रुप अजून आहे. आता बातमी आली की मी आधी याडीला विचारते. त्या म्हणतात, "मले काय समजते?" आणि मला मान वर करवत नाही.

घरी पोचलो तेव्हा याडीने मागच्या दाराशी घंगाळ भरून ठेवलं होतं. हे पाटावर बसले. पाठीची हाडं दिसत होती. मी तांब्या भरला आणि तसाच धरून उभी राहिले.

"टाक ना वं," हे म्हणाले, "थंड होऊन राह्यलं."