चौथा चेंडू

उमरठजवळच्या आमच्या वाडीत सपाट जागा अशी नव्हतीच. शाळेमागच्या उतरत्या माळावर मी चुलतभावांबरोबर क्रिकेट खेळायचे. भरकटलेला चेंडू थेट ओढ्यात जायचा आणि ज्याने टाकला त्यानेच तो आणायचा. मुलगी म्हणून मला सूट नव्हती. खाली-वर करून इतकी दमले की दोन-तीन वर्षांत माझी फिरकी यष्टी सोडून जाईनाशी झाली.

महाडच्या कॉलेजात असताना एका टी-ट्वेंटी फ्रँचायझीच्या महिला संघासाठी मुंबईत निवड चाचणी होती. मी एसटीने गेले. शेजारच्या नेटमध्ये त्यांचाच पुरुष संघ सराव करत होता. माझे दोन चेंडू पाहून प्रशिक्षकांनी तिथल्या सलामीच्या फलंदाजाला हाक मारली, "जरा हिला खेळून बघ. चारच चेंडू."

पहिला त्याने इतका जोरात मारला की जाळी थरथरली. माझे कान तापले. दुसरा आणि तिसरा त्याने अडवला. चौथा मी मुद्दाम हळू सोडला. तो पुढे आला, चकला आणि मधली यष्टी उडाली.

बॅट काखेत धरून त्याने टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षक म्हणाले, "सोमवारी सामान घेऊन ये. तू संघात आहेस."

मी मैदानातूनच घरी फोन लावला.

"आये, मला संघात घेतली!"

"किती पोरी बाद केल्यास गो?"

"पोरी नाय. त्यांच्या पुरुष संघातला फलंदाज."

आई अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ऐकलंव काय? माझ्या पोरीनं बाप्याची दांडी उडवली!"