घासलेला रुपया

ती घटना आठवली की आजही आधी हाताला वास येतो, चिंचेचा आणि राखेचा.

तेव्हा मी गोंदिया शहरातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. शहरातल्या एका राइस मिल मालकाने तक्रार दिली की त्यांच्या अल्बममधला इंग्रज राजाच्या छापाचा चांदीचा रुपया चोरीला गेला. शेटजींना जुन्या नाण्यांचा शौक होता. दर दिवाळीला ते सगळी नाणी पावडरने लखलखीत करून घेत आणि पाहुण्यांना दाखवत. चोरीला गेलेल्या रुपयाचा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता. त्यांची वरपर्यंत ओळख होती, त्यामुळे दिवसातून दोनदा मला वरिष्ठांचा फोन येई, "काय झालं त्या नाण्याचं?"

चौथ्या दिवशी सराफा ओळीतल्या पानठेल्यावरून खबर आली. "साहेब, एक बाई रुपया दाखवून राहिली सोनाराले. पण काळा हाय."

ती शेटजींच्याच बंगल्यात झाडूपोछा करणारी निघाली. मला आणखी काय हवं होतं? दोन पंच घेऊन सोनाराच्या दुकानात पंचनामा केला. हवालदाराने मोबाइलवर नाण्याचे फोटो काढले. साल शेटजींच्या रुपयाचंच होतं. रंग मात्र काळा, थोडा निळसर, आणि एका बाजूला बारीक जाळीसारखी नक्षी. नियमाप्रमाणे तिथेच लाखेचं सील लावायचं असतं. मी म्हणालो, ठाण्यात लावू.

महिलेला सूर्यास्तानंतर ठाण्यात ठेवता येत नाही. म्हणून सलग तीन दिवस मी तिला सकाळी बोलावलं आणि संध्याकाळी सोडलं. कायदा पाळला याचं मला समाधान होतं. रोज तिला न्यायला पोलिसांची गाडी तिच्या गल्लीत जात होती, याचा विचार मी केला नाही.

महिला शिपाई शेजारी असायची. बाई चाळिशीची, चणीने बारीक, पण बोलणं सरळ.

"साहेब, बोदलकसाकडे माह्या मायचं घर हाय. तिनं लक्ष्मी म्हणून धानाच्या ढोलीच्या बुडाशी ठेवला होता हा रुपया. लुगड्याच्या चिंधीत बांधून. माय गेली तवा मले भेटला."

"मग आत्ताच विकायला का काढला?"

"शिलाई मशीन घ्याची हाय. किती दिवस लोकाईच्या फरश्या पुसू?"

"शेटजींचा रुपया चमकतो. तू धुरावर धरून काळा केलास."

"कायले करू काळा? मी तं पोछा मारते साहेब, काळं पुसाचे पैसे भेटतात मले!"

महिला शिपाई हसली. मी हसलो नाही. मला वाटलं, बाई तयारीची आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः चिंच आणि राख मागवली. काळा थर चोरीनंतरचा आहे, तो काढला की शेटजींचा रुपया बाहेर येईल, असं मी स्वतःला पटवलं. ठाण्याच्या मागच्या नळावर उभं राहून घासला. पाच मिनिटांत तो आरशासारखा झाला. मग सील लावलं. शेटजींनी पाकिटाच्या खिडकीतून पाहून लगेच सांगितलं, "हाँ साहब, यही है अपना."

दुसऱ्या दिवशी अटक दाखवायची होती. पण रात्रभर मला ती जाळीची नक्षी आठवत राहिली. धूर असली नक्षी काढतो का? सकाळी पाकीट घेऊन जवळच्या नागरा गावी गेलो. तिथे एक निवृत्त शिक्षक राहत, नाण्यांचे जाणकार. बाईला शिलाई मशीनसाठी रुपया विकायचाय एवढंच गुरुजींना सांगून आधी हवालदाराने काढलेला फोटो दाखवला. ते खुर्चीत पुढे सरकले.

"ही जाळी कापडाच्या विणीची आहे. वर्षानुवर्षं एकाच चिंधीत पडून राहिल्याशिवाय असा रंग येत नाही. आणि राजाचा कान पाहा, पाळीसकट उभा आहे. हा रुपया बाजारात कधी फिरलाच नाही. असा तुकडा मी आयुष्यात दोनदा पाहिलाय."

मग शेटजींच्या मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यात कान सपाट होता.

"हा वेगळा. हजार हातांतून गेलेला. झिजलेला कान पुन्हा उगवत नाही, साहेब." त्यांनी हात पुढे केला. "आणा, तो पहिला बघू."

मी फोन करून पंचांना तिथे बोलावलं, त्यांच्यासमोर पाकीट उघडलं आणि रुपया टेबलावर ठेवला. गुरुजींनी भिंगातून राखेचे ओरखडे पाहिले.

"कोणी घासला?"

मी हात टेबलाखाली घेतले. त्यांना उत्तर कळलं.

"त्या काळ्या रंगासाठीच शौकिनाने याचे दोन मशीनचे पैसे दिले असते. आता ही नुसती चांदी. सोनार तोलून देईल तेवढंच."

अटक टळली. आठवड्याने शेटजींचा फोन आला. त्यांचा रुपया त्यांच्याच लॉकरमध्ये सापडला होता. "गलती से वहाँ रख दिया था, साहब." बाईला मात्र त्यांनी पुन्हा कामावर घेतलं नाही.

न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल परत करायचा दिवस आला. पावतीवर नेहमीचं वाक्य होतं, 'माल जप्त केला त्याच स्थितीत परत मिळाला.' बाईने जपून एकेक अक्षर काढत सही केली. मग रुपया उजेडात धरला आणि हसली.

"साहेब, तुमी तं नवाच करून देल्ला! आता चांगले पैसे येतीन ना?"

मी म्हणालो, "येतील."

खरं सांगितलं असतं तर चौकशी लागली असती. मुद्देमालाशी छेडछाड, सेवापुस्तकात नोंद, कदाचित निलंबन. पानठेलेवाल्याने नंतर सांगितलं की तिने रुपया तोलावर विकला. मशीन आलं नाही.

नोकरीत मी शिकलो ते एवढंच. वस्तू असो की माणूस, आपल्या संशयाशी जुळावं म्हणून त्याला घासू नये. आधी आहे तसं पाहावं. हे मी नव्या अधिकाऱ्यांना वर्गात अनेकदा सांगितलं, पण त्यांना नळ आणि राख कधी सांगितली नाही.

मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर मी तिच्या दारी गेलो. ती सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. उभ्यानेच सगळं सांगितलं. मशीनचे पैसे देऊ केले. तिने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मंग त्या दिवशी मी हासून राहिली होती, तवा काऊन नाई सांगतलं?"

"भीती वाटली, बाई. नोकरीची."

तिने पान कापलं, तंबाखू भरला, दोरा गुंडाळला.

"मले बी वाटत होती, साहेब. तीन दिवस."

आणि ती पुढची बिडी वळू लागली.