‘आमी येतो’ म्हणणारा फोटोवाला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतल्या कित्येकांचे तपशील आता पुसट झालेत. पण अमरावतीच्या ठाण्यात आलेला एक साधा तक्रार अर्ज अजून माझ्या मनातून जात नाही.

अर्ज घेऊन नवं लग्न झालेले नवराबायको आले होते. मुलगी अंजनगाव सुर्जीची, लग्न अमरावतीच्या मंगल कार्यालयात झालेलं. फोटोवाल्यानं चार महिने ना अल्बम दिला, ना व्हिडिओ. ठाणे अंमलदारानं नेहमीचं उत्तर दिलं, हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा. मीही तेच सांगणार होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "साहेब, मले पैसे वापस नाई पायजेत. लग्नानंतर पंधरवड्यातच माहे बाबा गेले. त्यायचा आवाज आता त्या शूटिंगमधीच आहे."

बापाचा आवाज मागणाऱ्या पोरीला रिकाम्या हातानं घरी पाठवणं मला जमलं नसतं. अर्ज मी स्वतः चौकशीवर घेतला.

फोटोवाल्याचं दुकान मोठं झकपक, बोलणं त्याहून गोड. "हार्डडिस्क दुरुस्तीले दिली साहेब, आठ दिवसांत देतो." आठ दिवसांनी दुकानाला कुलूप आणि फोन बंद.

अशातच शहरातला दुसरा एक स्टुडिओवाला पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यात आला. या अर्जाची कुणकुण त्याला लागली होती. जाता जाता हळूच म्हणाला, "माहं नाव नका घेजा साहेब. पण त्या लग्नाच्या तिथीले तो फोटोवाला अकोल्याच्या लग्नात होता. अन् त्याच्या दुकानात नोकर म्हणाल तर कोणीच नाई." यात धंद्यातला जळफळाट होता, हे मला कळत होतं. पण जळणाऱ्या माणसाची खबर बहुधा पक्की निघते. शेजारच्या दुकानदाराइतकं बारीक लक्ष पोलीससुद्धा ठेवत नाहीत.

फोटोवाल्याला सासुरवाडीहून बोलावून आणलं. समोर बसवला, चहा दिला. आरडाओरड केली की माणूस खोटं अधिक घट्ट धरतो, असा माझा अनुभव आहे.

"अमरावतीच्या लग्नात शूटिंग कोणी केलं?"

"आमी केलं साहेब."

"आमी म्हणजे कोण?"

"आमी म्हणजे... आमीच."

"त्या दिवशी तू अकोल्यात होतास."

तेव्हा त्यानं काम ठरवतानाचं बोलणं काढलं. मुलीच्या वडिलांनी लग्न ठरल्यावर त्याला विचारलं होतं, "तुमीच येसान ना?" यानं सांगितलं होतं, "चिंता नका करू, आमी येतो." आमच्या वऱ्हाडात माणूस एकटा असला तरी ‘आमी’ म्हणतो. वडिलांनी त्याचा अर्थ सरळ घेतला, की हा स्वतःच येणार. आता हा मला सांगतो, "साहेब, मी ‘मी येतो’ असं म्हटलंच नव्हतं. ‘आमी’ म्हटलं होतं." असला बचाव मी वकिलाच्या तोंडूनही ऐकला नव्हता. रागही आला आणि हसूही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका तिथीवर दोन लग्नं घेतली, अमरावतीच्या लग्नाला अकोल्याचा एक कॅमेरामन दिवसापुरता पाठवला. त्यानं दिलेलं मेमरी कार्ड यानं डिस्कवर उतरवून पुसून टाकलं आणि डिस्क हातातून पडून बिघडली.

"मग त्या कॅमेरामनला विचारलंस?"

"नाई."

"काहून?"

"धंद्यात बोंब झाली असती साहेब. अब्रू गेली असती." आणि तो रडायला लागला. माणूस बदमाश नव्हता. लाजेपायी खोटं बोलला आणि खोट्यापायी तोंड लपवत फिरला. कोठडीत येणारे निम्मे लोक मी असेच पाहिले आहेत.

कॅमेरामन बार्शीटाकळी रोडला राहणारा मुसलमान तरुण होता. फोन लावला तर लगेच म्हणाला, "साब, मेरे कैमरे में दो कार्ड चलते, दोनों पे एकच शूटिंग आता. एक उनको दिया, दूसरा घर में पड़ा है. किसी ने पूछाच नई."

पोरगी चार महिने रडत होती आणि कार्ड अकोल्यात पडून होतं!

तेव्हापासून ओळखीत कुणाचं लग्न ठरलं की मी आगाऊपणे सांगतो. दुकानाची काच पाहू नका. कॅमेरा नेमका कुणाच्या हातात असणार, हे नावानिशी लिहून घ्या आणि त्याच माणसाचं काम पाहा. शूटिंगची एक प्रत आठवड्याच्या आत आपल्या घरी आणा. अल्बम सावकाश येऊ द्या. लोकांना वाटतं, म्हातारा लग्नघरातही पोलिसी करतो. वाटू दे.

कॅमेरामन कार्ड घेऊन स्वतः आला. ठाण्यातल्या संगणकावर लावलं, मुलगी खुर्चीच्या काठावर बसली. आशीर्वादाचं, निरोपाचं काही ऐकू येईल अशी तिची अपेक्षा असावी. मंगलाष्टकं झाली, हार झाले. मग एकदम पडद्यावर वडिलांचा चेहरा आला, अगदी जवळ, आणि चित्र तिरपं होऊन फरशी दिसायला लागली. नुसता आवाज येत होता. "काहो भाऊ, सकाळपासून उपाशी उभे राहून राहिले तुमी. ठेवा थो कॅमेऱ्याचा डबा बाजूले. पयले जेवून घ्या, फोटो काई पळून नाई जात."

मुलगी तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली. नवरा म्हणाला, "पुढं घ्या, बिदाईचं पाहू." तिनं मानेनंच नको म्हटलं. तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. अखेर डोळे पुसून ती दाराशी उभ्या असलेल्या कॅमेरामनकडे वळली.

"मंग जेवले होते ना भाऊ तुमी?"

"पेट भर के, दीदी," तो म्हणाला. "चाचा बाजू में बैठ के खिला रहे थे."